वाडीऐवजी बंदूक

"कारागिराचं नाव एकदा सापडू दे," रामनाथ सावे म्हणाला, "मंग नरहरीदादाला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाय."

त्याची बायको विजया चिकू निवडत होती. चिकू विकतचे होते आणि ते आणले होते तिच्याच जावेकडून! हे दुखणं कळायला जरा मागे जावं लागेल.

चिंचणीच्या सावे बंधूंची वाटणी झाली तेव्हा घर अर्धं अर्धं झालं. उरल्या दोन चिजा. रस्त्याकडेची चिकूची वाडी आणि देवघरावर टांगलेली लांबलचक, चकमकीची ठासणीची बंदूक. थोरल्या नरहरीने वाडी मागितली. रामनाथ शिकलेला, बोईसरच्या कारखान्यात कारकून. तो पंचांना म्हणाला, की वाडी काय कुणालाही मिळते, इतिहास मिळत नाही. पंचांनी पुन्हा विचारलं. विजयाने कोपराने ढोसलं. पण गडी हटला नाही. बंदूक खांद्यावर टाकून निघाला तेव्हा आपण थोरल्याला चांगलंच फसवलं, अशी त्याची समजूत होती.

इतिहास असा, की तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला तेव्हा सावेंच्या मूळपुरुषाने एका फिरंग्याच्या हातून ती बंदूक हिसकावली. आजोबांच्या तोंडी हा फिरंगी साधा पहारेकरी होता. वडिलांनी त्याला सरदार केलं. रामनाथकडे आल्यावर तो थेट किल्लेदार झाला. इतकी बढती खुद्द रामनाथला उभ्या नोकरीत मिळाली नाही.

पुरावा मात्र शेंदराखाली गाडलेला. दर दसऱ्याला बंदुकीची पूजा व्हायची आणि पूजा म्हणजे तेल-शेंदूर. पिढ्यान् पिढ्या चोपडून चोपडून नळीवर बोटभर थर चढला होता. ही बंदूक आहे की मारुतीरायाची गदा, ते नवख्याला सांगावं लागे.

पालघरला दिलेली गावची हेमांगी जुन्या हत्यारांचा अभ्यास करते. ती सणाला माहेरी आली आहे, हे कळताच रामनाथने तिला गाठलं. कारागिराची खूण बहुतेक नळीवर असते, त्यावरून बंदूक फिरंगी की इथली ते कळतं, ती म्हणाली. मी घरी येऊन गुपचूप बघते, मग काय ते ठरवा. गुपचूप बघायला ती काय चोरीची बंदूक होती!

रामनाथने देवळासमोर मांडव घातला. बोईसरहून फ्लेक्स छापून आणला, त्यात बंदुकीपेक्षा रामनाथ मोठा. शेंदूर खरवडला तर देव कोपेल म्हणून चार म्हाताऱ्या अडून बसल्या, तर देवाने स्वप्नात येऊन परवानगी दिल्याची थाप ठोकून दिली. हेमांगीने पुन्हा विनवलं, की काका, आधी घरात बघू या. रामनाथला वाटलं, पोरगी माइकला घाबरते. आणि नरहरीला आमंत्रण द्यायला तो स्वतः नारळ घेऊन गेला. वाटणीनंतर दोघे भाऊ पहिल्यांदा बोलले, ते एवढ्यासाठी. भावाचं तोंड पडलेलं त्याला जवळून बघायचं होतं.

दसऱ्याला सगळं गाव जमलं. हेमांगीने कोमट तेल लावून शेंदूर सोडवायला घेतला. खपल्या पडत होत्या आणि रामनाथ माइकवर किल्लेदाराच्या मिशांचं वर्णन करत होता. अखेर नळीवर अक्षरं दिसली. मराठी अक्षरं.

"बाळा लोहार, तारापूर," हेमांगीने वाचलं. खाली शकही कोरला होता. चकमक विलायती, बहुधा जुन्या बाजारात घेतलेली, असं तिने सांगितलं. नळी आणि दस्ता इथलाच. ही घडवली तेव्हा किल्ला पडून सव्वाशे वर्षं उलटली होती.

"किल्ला दुसऱ्यांदाही पडला असेल," रामनाथ म्हणाला.

कुणी हसलंसुद्धा नाही. हेमांगीने नळीत गज घातला, तो अर्ध्यातच अडला. बंदूक भरलेली होती! हे ऐकताच पहिल्या तीन रांगा रिकाम्या झाल्या. म्हाताऱ्या देवळात, खुर्च्या गटारात. नरहरी तेवढा जागचा हलला नाही. हेमांगीने पाणी ओतून दारू भिजवली आणि गजाच्या टोकाने आतलं ओढून काढलं. काथ्याचा बोळा निघाला. मग जाडं मीठ. मग मूठभर चिंचोके.

"माणसावर झाडायची असती तर गोळी भरली असती," ती हळूच म्हणाली. "ही राखणीची बंदूक आहे, काका. झाडावरची वाघळं हाकलायला करून घेतलेली."

इतक्या वर्षांत रामनाथने पूजेत एक दसरा चुकवला नव्हता. आता नरहरी हसेल म्हणून त्याने मन घट्ट केलं. नरहरी हसला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. पण तो उठला, जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "रामा, मंग ही वाडीची हाय. वाडीचं ते वाडीबरोबर जातं."

वाटणीला पंच म्हणून बसलेले बळवंततात्या खांबाआडून परत आले होते. त्यांनी मान डोलावली. शिडी, पंप, चिकू उतरवायची झेली, सगळं तसंच गेलं होतं. रीत ती रीत.

रामनाथने विजयाकडे पाहिलं. आयुष्यात एकदा तरी तिने आपल्या बाजूने भांडावं, असं त्याला फार वाटलं. विजया उठली. तिने बंदूक पदराने पुसली, तेलाचा शेवटचा ओघळही टिपला आणि थोरल्या दिराच्या हातात दिली.

"घेऊन जा, भावोजी," ती म्हणाली. "हिनं तुमची वाडी राखायची, न् आमी जन्मभर हिला राखली."

माइक चालू होता, त्यामुळे ते समुद्रापर्यंत ऐकू गेलं.