तीन कूलर आणि एक इंग्रजी बंगला

इंग्रजांच्या काळातल्या बंगल्याचं आधुनिक ऑफिस करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "सर, दीड महिन्यात असं ऑफिस करून देतो, की नागपूरचे लोक बघायला येतील!"

बंगला भंडाऱ्याजवळच कारध्याला, वैनगंगेच्या काठावर. हातभर जाड भिंती, अठरा फुटांवर छत आणि छताच्या जरा खाली आठ रोशनदानं, म्हणजे हवेचे झरोके. ती खालून दोरी ओढून उघडायची. आणि मी, अश्विन रामटेके, पाटबंधारे खात्यातला शाखा अभियंता. पण खरं सांगू का? मला त्या बंगल्यापेक्षा बदलीची काळजी जास्त होती. माझी बायको प्रतिक्षा भंडाऱ्यात शिक्षिका. लग्नाला सात वर्षं झाली, त्यातली सहा मी कुठल्या ना कुठल्या गावी खोली करून काढली. आत्ता कुठं आम्ही दोघं एका घरात राहू लागलो होतो, तर जूनमध्ये पुन्हा बदल्यांची यादी निघणार! मोठे साहेब म्हणाले होते, "रामटेके, काम मनासारखं झालं तर बदल्यांच्या वेळी तुम्हाला लक्षात ठेवू."

मग काय, लागलो कामाला! नऊ फुटांवर प्लास्टरचं पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग, खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा, दोन दणदणीत एसी. रोशनदानं गेली सीलिंगच्या वर. तीस वर्षांपासून बंगल्यावर असलेले चौकीदार नत्थूभाऊ दोऱ्या हातात धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब, हे कायले बंद करून राहिले? गरम हवा कुठून जाईन?"

"नत्थूभाऊ, आपण एसी लावून राहिलो! इंग्रजाजवळ होता का एसी?"

"नव्हता. म्हनून तं त्यानं डोकं लावलं!"

मी हसण्यावारी नेलं. दोऱ्या गुंडाळून सीलिंगवर टाकायला लावल्या. पाहणीच्या तीन दिवस आधी काम संपलं. सीलिंग अजून ओलसरच होतं, पण खालून बघणाऱ्याला ते कळत नव्हतं.

पाहणीला मोठे साहेब आले ते ऐन मे महिन्यात, भर दुपारी. आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो. मी ऐटीत दोन्ही एसी सुरू केले, आणि त्याच मिनिटाला व्होल्टेज पडलं! एसी दोनदा घुरघुरले आणि गप्प झाले.

"एकच मिनिट सर!" म्हणत मी बाहेर पळालो आणि लग्नाचं सामान भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्या सुखरामला फोन लावला. "भाऊ, लग्नातला मोठा कूलर धाड. आत्ताच्या आत्ता!"

आता कूलर बंद खोलीत लावायचा नसतो, ओलसर हवा आतच कोंडते, हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. मलाही कळत होतं हो! पण उघडायला खिडकी कुठं ठेवली होती मी?

पंधरा मिनिटं बरं वाटलं. मग साहेबांनी मान पुसली. "रामटेके, चिकचिक होतंय."

मी दुसरा कूलर मागवला. मग तिसरा. जसजसे कूलर वाढले, तसतसा घाम वाढला. साहेबांच्या हाताला नकाशाच चिकटला.

"इथं माणसं बसवायचीत की इडल्या वाफवायच्यात?" साहेबांनी विचारलं. मग वर बघत म्हणाले, "आणि ते छत पोट का काढतंय?"

"डिझाइन आहे सर!"

धडाम! बाप्पा, अर्धं डिझाइन खाली आलं! नशीब, पडलं ते मोकळ्या कोपऱ्यात. कुणाला लागलं नाही, पण भुकटीनं सगळे पांढरेफटक झाले. वरून नत्थूभाऊंच्या दोऱ्या लोंबू लागल्या.

नत्थूभाऊंनी कुणाला विचारलं नाही. दार सताड उघडलं, तिन्ही कूलर ओढून दाराच्या तोंडाशी लावले आणि दोऱ्या खेचल्या. खट्! खट्! खट्! रोशनदानं उघडली. पाच मिनिटांत असा गारवा पसरला, की साहेबांनी कॉलरचं बटण सोडलं.

"हा काय प्रकार आहे, रामटेके?"

माझ्या डोळ्यांपुढं यादीतलं माझं नाव नाचू लागलं. तोंडातून निघून गेलं, "तुलना सर! आधी आजची पद्धत, मग जुनी. स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही ना!"

नत्थूभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि ते झाडू आणायला गेले.

साहेब उठले. आता संपलं, असं मी धरून चाललो. पण त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली! "वा! जुन्या बंगल्याची इतकी जाण मी पहिल्यांदाच बघतोय. उरलेलं सीलिंगही काढून टाका. आणि ऐका, तिकडे पार मध्य प्रदेशच्या सीमेवर, बपेऱ्याला असाच एक बंगला पडून आहे. तुमच्याशिवाय कुणाला जमणार? दोन-तीन वर्षांचं काम. जूनमध्ये रुजू व्हा."

संध्याकाळी घरी येऊन प्रतिक्षाला सगळं सांगितलं. तिचे डोळे भरून आले, माझेही आले. मग तिनं नाक पुसलं.

"आता बपेऱ्याचं काम चांगलं बिघडवजा! म्हंजे तरी साहेब तुमाले घरी धाडतीन."

तीन महिने झाले, मनापासून प्रयत्न करून राहिलोय. पण त्या इंग्रजानं बंगला असा बांधून ठेवलाय, की बिघडतच नाही!