पाटावरचं ड्रिल मशीन

खंडेनवमीच्या सकाळी चन्नप्पा मास्तरांचं ड्रिल मशीन देवघरात पाटावर बसलं आणि मास्तर बाथरूममध्ये अडकले.

मास्तर हायस्कुलात पी.टी. शिकवायचे. निवृत्त झाल्यावर शिस्त लावायला वर्ग उरला नाही, म्हणून त्यांनी ड्रिल मशीन घेतलं. भिंतीला एक भोक पाडायचं तरी आधी अर्धा तास उपदेश. बिट बदलताना प्लग काढा, सैल कपडे नकोत, डोळ्यांवर चष्मा हवाच. कुंभारी रस्त्यावरच्या त्यांच्या कॉलनीत मास्तरांनी 'सुरक्षा' असं म्हणायचा अवकाश, ऐकणाऱ्याला घरी दूध उतू जात असल्याची आठवण व्हायची.

पण या वर्षी नवल घडलं. समोरचा गौस रिक्षावाला कॉलनीचा सेक्रेटरी झाला होता. तो म्हणाला, "काका, खंडेनवमीला समद्या रिक्षा मांडवात पुजतो की आपन, हत्यारं घरोघरी. तवा मशीन कसं वापरायचं त्यावर तुमी दोन शब्द बोला." मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बोलायला बोलावलं होतं. तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

म्हणून आज इस्त्रीचा शर्ट घालून, सुरक्षेचा चष्मा कपाळावर चढवून ते आरशासमोर भाषणाची तालीम करायला बाथरूममध्ये गेले होते. आतून कडी लावली. ती त्यांनी कालच स्वतः बसवली होती. भाषण झकास झालं. कडी मात्र निघेना.

"अगं, ऐकलंस का? कडी अडकलीया!"

मास्तरांच्या बायकोने, गिरिजाबाईंनी, गौसला हाक मारली. तो स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आला. दार बाहेर उघडणारं होतं, तेव्हा बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दारच उतरवायचं ठरलं. त्या बिजागऱ्याही मास्तरांनी कालच बदललेल्या. गौसने वाकून पाहिलं.

"काका, ह्ये स्क्रू कुनी बसवले हो? डोकी पार गुळगुळीत झाल्यात. कुनीतरी मशीन फुल स्पीडवर दाबलंय."

आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

"कारागिरांचं काय सांगावं," मास्तर म्हणाले. "शिस्तच न्हाय कुनाला."

गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

आता स्क्रू ड्रिलनेच फोडावे लागणार होते. गौस देवघराकडे वळला तशा गिरिजाबाई आडव्या आल्या. "पूजा झालीया. दसऱ्यापतूर हत्याराला हात लावायचा न्हाय."

"मग मी उद्यापतूर हितंच बसू?" आतून आवाज आला.

"पानी हाय की आत."

दुसऱ्याचं मशीन आणावं तर कॉलनीतली सगळी मशीनं आज हळदकुंकू लावून पाटावर बसली होती. तेवढ्यात मांडवातला माइक ओरडला, "चन्नप्पा मास्तर, असाल तिथनं लवकर यावं."

"गौस, माझं भाषण रं!" मास्तर आतून म्हणाले. तो रडवेला आवाज ऐकून गौसला खरोखर वाईट वाटलं.

मास्तरांच्या आई शिवम्मा इतका वेळ गप्प बसून वाती वळत होत्या. त्या म्हणाल्या, "पूजा मोडू नगा. देव पालखीतनं भाईर पडतो का न्हाय? तसं पाटासकट न्या. आन् देवानं भक्ताला सोडवलं तर त्याला काम म्हनत न्हाईत."

गिरिजाबाई बाजूला झाल्या. पाट उचलला गेला. पुढे शिवम्मा घंटा वाजवत, मागे झेंडूच्या माळेतलं ड्रिल मशीन. हे काय चाललंय ते बघायला मांडवातली माणसंही आली आणि घर गच्च भरलं.

गौसने मशीन उचललं.

"थांबा," गिरिजाबाई म्हणाल्या. "चष्मा?"

चष्मा आत, मास्तरांच्या कपाळावर.

"ऱ्हाऊ दे गं! एखाद्या वक्ताला चालतंय!"

"चालतंय? परवा मी नुसती शेजारी उभी ऱ्हायले, तर चष्मा न्हाय म्हनून गल्लीभर ऐकवलंत. आता नियम म्हंजे नियम."

शेवटी मास्तरांनी चष्मा झरोक्यातून मागच्या बोळात टाकला. कुणीतरी पळत जाऊन तो आणला. दाराबाहेर गर्दी आहे हे एव्हाना मास्तरांच्या लक्षात आलं होतं. त्यांच्या अंगात पी.टी.चा तास संचारला.

"गौस, प्लग लावलास का?"

"लावला, काका."

"काढ आधी! मग बिट बसीव. बसवलास? बिट आवळायची चावी काढून ठेव. आता माळ काढ. फिरत्या बिटात माळ गुंतली तर मनगट जाईल!"

शिवम्मांनी नमस्कार करून माळ काढली आणि दाराच्या मुठीला अडकवली.

"गळ्यात काय हाय तुझ्या?"

"रुमाल."

"काढ! हात कोरडे कर. आता प्लग लाव. आन् हळू! फुल स्पीड दिला की स्क्रूचं डोकं..."

मास्तर एकदम खोकले.

"व्हय काका," गौस म्हणाला, "कालच्या कारागिरावानी न्हाय करत."

सगळं घर हसलं. मशीन घुरघुरलं. एकेक स्क्रू फुटत गेला आणि दार बाजूला झालं. मास्तर घामाने निथळत बाहेर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी शर्ट नीट केला, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "बंधू आणि भगिनींनो..."

गौसने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, झालं की भाषन. आन् एक बी मानूस उठून गेला न्हाय."

मास्तरांनी सगळीकडे पाहिलं. खरंच कुणी गेलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"फुडल्या वर्षी बी तुमीच बोला," गौस म्हणाला. "पन असंच, आतनं. भाईर आलं की तुमी लई लांबवता."

आता हे चिडणार, असं गिरिजाबाईंना वाटलं. मास्तरांनी गौसकडून चष्मा परत घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि गंभीरपणे विचारलं,

"चालंल. कुनाच्या बाथरूममधनं?"