मागच्या सीटखालचा खटका

माझ्या गाडीची बॅटरी चोरून दाखवणारा चोर अख्ख्या पांढुर्ण्यात जन्मायचाय, असं मी सत्त्याऐंशी साली छातीठोकपणे सांगत असे. हायस्कुलात विज्ञान शिकवतो मी, थट्टा आहे का! आमच्या गल्लीतल्या दोन जीपच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या, तेव्हा मी आमच्या जुन्या फियाटची बॅटरी बॉनेटखालून काढून थेट डिकीत बसवली आणि वर गोणपाट टाकलं. शिवाय मागच्या सीटखाली, डाव्या कोपऱ्यात, स्प्रिंगचा एक खटका लावला. तो दाबून आकड्यात अडकवला की करंट बंद, आकडा सोडला की चालू. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. गुपित ते गुपित!

त्याच सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रतिभाचं, लग्न अडलं होतं. प्रतिभाला सौंसरचा हेमंत पसंत, हेमंतला प्रतिभा पसंत, पण हेमंतचे वडील केशवराव यांना पसंत होती स्कूटर! ती द्यायची माझी ऐपत नव्हती. शनिवारची बैठक फिसकटली आणि प्रतिभा रडून रडून बेजार झाली. तरी पाहुणे ते पाहुणे. केशवराव आणि त्यांच्या पत्नी विजयमालाबाई यांना मी फियाटमधून सौंसरला सोडायला निघालो.

वाटेत जामसांवलीला हनुमानजीचं दर्शन झालं. येताना विजयमालाबाई डावीकडे बसल्या होत्या. जेमतेम चाळीस किलोचा ऐवज. आता त्या आधी चढून पलीकडे सरकल्या आणि डाव्या कोपऱ्यात केशवराव बसले. केशवराव म्हणजे कापसाचं भरलेलं बोंद्रं, हे एवढं मोठं पोतं!

मी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म!

"काय झालं जी मास्तर?"

"काही नाही, पाहतो." मी सवयीने बॉनेट उघडलं. केशवरावही उतरून डोकावले आणि किंचाळलेच.

"मास्तर! याच्यात बॅटरीच नाही!"

आता गुपित कसं फोडणार? "ही... अशीच चालते," मी म्हणालो.

"बिना बॅटरीची?"

मी निमूटपणे जाऊन किल्ली फिरवली. गाडी घुर्रर्र सुरू! केशवराव येऊन बसले. बंद! उतरले. सुरू! बसले. बंद!

तिसऱ्यांदा माझ्या डोक्यात उजेड पडला. 'काका, सरकून बसा' हे शब्द अगदी ओठांवर आले होते, तेवढ्यात विजयमालाबाई कडाडल्या.

"तुमच्यापाईच बंद पडून राहिली गाडी! याच देवळात बोलले होते न तुम्ही? हेमंताले नोकरी लागली त सुनेच्या घरून काहीच नाही घेईन म्हणून! अन् आता स्कूटर मागून राहिले!"

केशवरावांना दरदरून घाम फुटला. मी ओठ घट्ट मिटले. विज्ञानाच्या मास्तराने असं करू नये, मला कळतं. पण प्रतिभाचे सुजलेले डोळे मला दिसत होते!

केशवरावांनी उतरून रस्त्यातच देवळाकडे तोंड करून कान धरले. "चुकलो हनुमानजी! नाही पाहिजे स्कूटर!"

"आता बसा," मी गंभीरपणे म्हणालो. "फक्त इकडे, माझ्या मागे."

विजयमालाबाई डावीकडे सरकल्या, ते बसले. मी किल्ली फिरवली. घुर्रर्र! विजयमालाबाईंनी हात जोडले. मी मनातल्या मनात नाचत होतो.

सौंसरला उतरल्यावर केशवरावांनी गाडीच्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मास्तर, स्कूटर काही नको. पण इतकी जागृत गाडी दुसऱ्याच्या दारात काऊन ठेवायची? हेच देऊन द्या पोराले!"

खरं सांगावं तर स्कूटर परत येणार. न सांगावं तर गाडी जाणार.

प्रतिभा त्याच फियाटमधून सासरी गेली. मागची डावी जागा केशवरावांनी हनुमानजींसाठी राखून ठेवली आहे, त्यामुळे गाडी एकदाही बंद पडलेली नाही. बहिणीला भेटायला मी बसने जातो, बहुधा उभ्यानेच.

बॅटरी मात्र अजून कोणी चोरलेली नाही हं!