सुलभाकाकूंचं सुती सोवळं

पौषातल्या थंडीत आमच्या गल्लीतल्या म्हशीसुद्धा पोतं पांघरून उभ्या असतात. अशा दिवसांत सुलभाकाकूंनी स्वेटर काढला, शाल काढली, पायमोजेही काढले आणि नुसत्या सुती साडीत कुडकुडत खोलीचं दार लोटलं, की समजावं, कोणाचा तरी कॉम्प्युटर दुरुस्तीला आला आहे.

“लोकरीत बिजली असते,” त्या दात वाजवत सांगायच्या. “स्वेटर काढताना चट्‌चट् होतं ना, तीच. माणसाला नुसत्या गुदगुल्या, पण मशीनचा प्राण जातो.”

बँकेच्या बदलीने मी अकोल्याहून बनारसला आले आणि पंचगंगा घाटावरच्या गल्लीत काकूंकडे वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. काकू मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. शाळेतले कॉम्प्युटर सारखे बंद पडायचे, मेकॅनिक काही यायचा नाही, म्हणून एक दिवस यांनीच एक उघडला. तेव्हापासून उघडतच आहेत. यजमान अण्णा वैदिक. पहाटे त्यांचा पाठ सुरू झाला की माझ्या खोलीतलं तांब्याभांडं हलकेच गुणगुणायचं, असा आवाज.

त्या घरात दोन सोवळी होती. अण्णा पूजेला रेशमी सोवळं नेसत, तेव्हा त्यांना कोणी शिवायचं नाही. काकूंच्या खोलीत लोकरीसारखंच रेशीमही वर्ज्य. पूजा आटोपून अण्णा उंबऱ्याशी येत.

“आत येऊ का?”

“रेशमी आहे ना? मग तिथूनच बोला.”

आणि ज्यांना बघून अख्खा मोहल्ला पायाला हात लावायला वाकतो, ते अण्णा निमूट तिथूनच बोलत.

एकदा साडीवाले मिश्राजी आपला कॉम्प्युटर काखोटीला मारून आले. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा हीटसिंक आणि पंखा असतो, तो त्याची उष्णता ओढून घेतो. मिश्राजींनी नवा हीटसिंक आणून स्वतःच बसवला होता, आणि मशीन चहा निवायच्या आत डोळे मिटत होतं.

“चाची, नया है. खराब कैसे हो गया?”

काकूंनी वायर काढली. उघड्या लोखंडी डब्याला हात लावून अंगातली बिजली उतरवली. मग हीटसिंकचे स्क्रू सोडवले, पण हीटसिंक ओढला नाही. “चिकटलेलं ओढलं तर खालचं सगळं उपटून येतं,” त्या मला म्हणाल्या. “जरासं फिरवायचं. ते आपण होऊन सोडतं.” त्यांनी बरणीचं झाकण फिरवावं तसा तो किंचित फिरवला, उचलला, उलटा केला. तळाला कंपनीचा प्लॅस्टिकचा कागद तसाच.

“भैया, नई साड़ी का भी तो लेबल निकालते हो?”

मिश्राजींनी कान पकडले.

पुढचं मी श्वास रोखून पाहिलं. कापडाच्या बोळ्याला स्पिरिट लावून काकूंनी जुना लेप पुसला, धातूत त्यांचा चष्मा दिसेपर्यंत. मग प्रोसेसरच्या मधोमध, उष्णता वर पोचवणाऱ्या नव्या पेस्टचा थेंब, मटाराच्या दाण्याएवढा. मला वाटलं, कमी झाला. तसं म्हणाले तर म्हणाल्या, “श्रीखंड आहे का हे?” मग हीटसिंक सरळ वरून खाली. तिरका नाही, सरकवून नाही, आणि टेकला की पुन्हा उचलायचा नाही. त्यांचं आवडतं वाक्य तेव्हा यायचंच: “दाबू नये, बसवावं.” स्क्रूही एकदम आवळायचे नाहीत. या कोपऱ्याला थोडा, मग समोरच्या तिरक्या कोपऱ्याला थोडा. “एकाचेच लाड केले की बाकीचे तिघे रुसतात.” शेवटी पंख्याची वायर. ती विसरून मशीन सुरू करणारा माणूस त्यांच्या मते गॅसवर दूध ठेवून गंगेला जाणारा.

मी देवळांत पुष्कळ हात जोडले आहेत. पण दोन धातू असे एकमेकांवर बिनआवाज टेकताना बघून हात जे आपोआप जुळले, ते तेव्हाच.

त्यानंतरच्या वर्षी अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

ते पाटीवर लिहून दाखवू लागले. काकूंनी तीनचार जुन्या मशीनचे अवयव जमवून त्यांना एक कॉम्प्युटर बांधून दिला. मोबाईलवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची. इथे मोठा पडदा, पेढ्याएवढी अक्षरं. अण्णा एका बोटाने लिहीत आणि मशीन ते बोलून दाखवी. पण मशीनचे उच्चार हिंदी वळणाचे, प्रत्येक ‘च’ चहातला! एका स्वरासाठी विद्यार्थ्याला अख्खा अध्याय पुन्हा म्हणायला लावणारे अण्णा, आता त्यांचा ‘चमचा’ हिंदी झाला. त्यांनी संतापून लिहिलं, ‘चूक!’ मशीनने तेही चुकीचंच म्हटलं. काकू हसून हसून खाली बसल्या. मग अण्णाही बिनआवाज हसले, खांदे हलवत.

ज्येष्ठात लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, सुटली आणि एका दुपारी ते मशीन बोलता बोलता बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. प्रोसेसर तापत होता. जेवणाची ताटं झाकून काकू खाली बसल्या. मला टॉर्च धरायला बोलावलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते.

हीटसिंक निघाला. खालचा लेप वाळून खपली झाला होता. पुसणं झालं, थेंब पडला. काकूंनी हीटसिंक उचलला, प्रोसेसरवर आणला, आणि त्यांचा हात थरथरायला लागला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा नेला. पुन्हा तेच.

“तिरका पडला, तळाची एखादी पिन मोडली, तर?” त्या पुटपुटल्या. हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

मी म्हणाले, “काकू, राहू दे ना आजच्या दिवस. पाटी आहे की.”

“पाटी आहे गं.” त्या मशीनकडेच बघत होत्या. “पण मी स्वयंपाकघरात असले की पाटी हाक मारत नाही.”

खाट करकरली. अण्णा उठले, काकूंच्या समोर येऊन जमिनीवर बसले आणि त्यांनी उजवा हात छातीसमोर धरला. विद्यार्थ्यांना खालचा स्वर दाखवताना ते हात असा धरत. मग तळवा हळूहळू, अगदी सरळ, खाली नेऊ लागले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा हात अण्णांच्या हाताबरोबर खाली जाऊ लागला. दोघांचीही नजर हलत नव्हती. अण्णांचा तळवा गुडघ्याला टेकला तेव्हा हीटसिंक प्रोसेसरवर टेकला होता. थरथर कुठे गेली, कळलं नाही.

स्क्रू बसले, पंख्याची वायर लागली, मशीन सुरू झालं. आम्ही तिघं वाट पाहत राहिलो. पंखा एकसुरात फिरत होता. पुष्कळ वेळ झाला तरी मशीन बंद पडलं नाही.

“बोला काहीतरी,” काकू म्हणाल्या.

अण्णांनी हातानेच विचारलं, काय?

“काहीही. शिव्या घाला हवं तर.”

अण्णांचं बोट एकेक अक्षर शोधत फिरलं. मग मशीन आपल्या त्या परक्या, सपाट आवाजात म्हणालं, “सुलभा, जेवून घे.”

काकू उठल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत तिथेच बसून राहिल्या.

“आणखी,” त्या म्हणाल्या.