रोध शून्य, प्रगती शून्य

१९९८ साली जबलपूरच्या एका सरकारी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. गुणवंत मेश्राम यांना, आपलं आजवरचं संशोधन एका पानात भरून द्यावं, असा आदेश आला. पान छापील होतं, रकाने बारा होते आणि मुदत शुक्रवारची होती. प्रश्न प्राध्यापकपदावरच्या बढतीचा होता, पण डॉक्टरांना काळजी होती ती प्रयोगशाळेची. जो प्राध्यापक नाही, त्याची खोली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला काढून घ्यावी, असा नवा नियम निघाला होता.

त्या खोलीत डॉक्टरांची बावीस वर्षं गेली होती. तिथे ते सेंद्रिय रसायनांचे केसाहून बारीक स्फटिक वाढवत, आणि गेली दहा वर्षं अतिवाहक पदार्थांच्या वड्याही भाजत. मग ते सगळं द्रव नायट्रोजनमध्ये गारठवून त्यातून वीज कशी वाहते ते मोजत. शहरात द्रव नायट्रोजन मिळायची त्यांना ठाऊक असलेली जागा एकच, वळूंचं वीर्य गोठवून ठेवणारं केंद्र. दर मंगळवारी ते कांचघर मोहल्ल्यातून स्कूटरवर डबा घेऊन निघत, म्हशीवाल्यांच्या रांगेत उभे राहत आणि तिथल्या रजिस्टरात सही करत.

मुख्य निष्कर्षाच्या रकान्यात त्यांनी अभिमानाने लिहिलं, ‘रोध शून्य.’

आस्थापना शाखेतले दुबेजी सज्जन होते. त्यांनी डॉक्टरांना बोलावून खुर्ची दिली.

“मेश्रामजी, रेज़िस्टेंस ज़ीरो लिखा है. दस साल पहले कितना था?”

“ज़ीरो.”

“और अब?”

“अब भी ज़ीरो. दुबेजी, वही तो सफलता है. बिजली को रत्तीभर रुकावट नहीं.”

दुबेजींनी चष्मा काढला. “मतलब दस साल में कोई प्रगति नहीं.”

नियमानुसार कामात वाढ दिसणं आवश्यक होतं. छाननी समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून, रोध किमान दहा टक्क्यांनी वाढवून दाखवण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली. शून्याचे दहा टक्के शून्यच होतात, असं डॉक्टरांनी लेखी कळवलं. समितीने ते पत्र ‘असहकार’ या मथळ्याखाली नोंदवून घेतलं.

घरी डॉक्टर जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी नर्मदाबाई म्हणाल्या, “काहून येवढं मनाला लावून घेऊन राहिले जी? ते शून्य राहू द्या. तुमच्या त्या दुसऱ्या कामाचं लिहा न.”

डॉक्टरांनी नवा अर्ज इंग्रजीत भरला. विषय, ऑरगॅनिक पदार्थ, म्हणजे ते सेंद्रिय स्फटिक. कार्यालयाने त्याचं हिंदी केलं, ‘जैविक पदार्थ’. पुढच्या टेबलावर त्याचं ‘जैविक खाद’ झालं. अर्जात नायट्रोजनसाठी वळू केंद्राचं नाव होतं; खातरजमा करायला तिथून रजिस्टर मागवलं, तर दर मंगळवारी सही! शेती आणि पशुधनाची इतकी अखंड सेवा करणारा दुसरा माणूस जिल्ह्यात सापडेना. महिन्याभरात बढतीचा हुकूम हातात पडला.

डॉक्टर धावत दुबेजींकडे गेले. “यह गलती है. मैं खाद नहीं बनाता.”

दुबेजींनी आवाज खाली आणला. “गलती सुधारेंगे, तो पद भी सुधर जाएगा. फिर कमरा भी.”

खोलीसाठी डॉक्टर गप्प बसले. खोली वाचली. पण खतशास्त्राच्या प्राध्यापकाकडे खत नको? तिलवाऱ्याहून गांडुळांचे वाफे आले. ते मावेनात म्हणून भट्टी व्हरांड्यात गेली आणि पावसात गंजली. स्फटिकांच्या बाटल्या धुऊन त्यांत मातीचे नमुने भरले गेले. त्या दिवशी डॉक्टर बराच वेळ दारातच उभे राहिले. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

नेपियर टाउनमध्ये मराठी मंडळींनी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. कार्यक्रमानंतर मोठी रांग लागली. कोणाचा गुलाब करपत होता, कोणाचा कढीपत्ता वाढत नव्हता. डॉक्टरांनी प्रत्येकाला आठवेल ते सांगितलं, आणि दुर्दैवाने ते लागू पडलं. पुढच्या महिन्यात घरी रांग लागू लागली.

“इतके लोक येऊन राहिले,” नर्मदाबाई एकदा म्हणाल्या, “पण बावीस वर्षांत तुम्ही काय शोधलं, हे एकानं तरी विचारलं काय जी?”

“विचारतील,” डॉक्टर म्हणाले.

ही हकिकत आजवर बऱ्याच जणांना सांगून झाली आहे. मंडळी पोट धरून हसतात, हळहळतात, सरकारला चार शिव्या देतात. मग डोळे पुसून विचारतात, कढीपत्त्याला नेमकं काय घालायला सांगितलं होतं हो?

पातळ ताक, आठवड्यातून एकदा. घ्या लिहून.