गोपाल सरांचे एकवीस साप

सेलूच्या सुलोचनाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि रानात साप-सरडे बघणाऱ्यांच्या गटात गेल्या. त्यांचे यजमान बबनराव यांची त्याला हरकत नव्हती. हरकत होती ती गटप्रमुख गोपाल सरांबद्दल. सर विधुर, सडपातळ, आणि एकवीस जातींचे साप पाहिलेले. चहा गाळतानाही बाईंच्या तोंडी "गोपाल सर म्हणत होते" असायचं. शेवटी एप्रिलमधल्या एका रविवारी, घरातल्या पालीला भिणारे बबनराव स्वतःच सहलीला निघाले.

"तुम्ही काऊन येऊन राह्यले?" बाईंनी विचारलं.

"मले आवड हाये."

"कवापासून?"

"लहानपणापासून. तुले सांगतलं नाई."

टेकडीवर पोचताच सरांनी धामण दाखवली. "अगबाई!" बाई म्हणाल्या. असं "अगबाई" बबनरावांच्या वाट्याला बत्तीस वर्षांत आलं नव्हतं. आपणही काहीतरी शोधायचंच, म्हणून ते एकटेच झुडपांकडे वळले. नजर मात्र मागे होती. सर बाईंना दुर्बीण धरायला शिकवत होते. त्यामुळे पाणी अडवायला खणलेला चर दिसला नाही. बबनराव त्यात बसकण मारल्यासारखे पडले. दुपट्टा बांधलेलं डोकं तेवढं वर राहिलं.

उठणार तोच डोक्यावर काहीतरी सुळकन चढलं.

"सुलोचना! धाव वं!"

सगळे धावत आले आणि दहा हातांवर थबकले.

"हलू नका, भाऊजी," सर कुजबुजले.

"नाग हाये का?"

"बोलू पन नका!"

बबनरावांनी डोळे मिटले. आपल्यामागे बायकोकडे कोण बघेल, असा विचार आला आणि उत्तर समोरच उभं होतं. त्यांनी मरायचं नाही असं ठरवलं.

डोक्यावर साप नव्हताच; गळ्याखाली निळा पंखा फुलवणारा एक सरडा मिरवायला उंच जागा शोधत होता. चराच्या काठावर सगळ्यांत उंच होतं ते बबनरावांचं डोकं. दहा मिनिटं मनसोक्त मिरवून तो उतरून गेला.

"चार उन्हाळे शोधून राह्यलो मी याले," सर म्हणाले. घाईघाईत काढल्यामुळे त्यांचा एकही फोटो धड आला नव्हता. "अन् तुमच्या त डोक्शावर!"

बाईंनी नवऱ्याला वर ओढलं, पाठीवरची माती झटकली. "अगबाई, जरासे पन हलले नाई तुम्ही!"

जेवताना सर डबा घेऊन लांबच्या झाडाखाली बसले. संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर त्यांचा निरोप आला: पुढच्या सहलीला कोणीही घरच्यांना आणू नये.

"असं काऊन लिहिलं असन सरांनी?" बाईंनी विचारलं.

"जळून राह्यले ते," बबनराव म्हणाले. "अशी मानसं मले बिलकुल पटत नाई."