देव्हाऱ्यासह बेहाल्याच्या जीपगाडीची मोहीम

कुलस्वामिनीस हात जोडून, तुळशीस पाणी घालून, मन शुचिर्भूत करून ही हकीकत लिहावयास घेतली असे. शके अठराशे पंचाण्णव, प्रमादी नाम संवत्सरी, कलकत्ता शहरी, रेल्वेचे गार्डन रीच येथील थोरले कचेरीचे अंमलदार राजमान्य राजेश्री श्यामसुंदरराव यांणी जीपगाडी बांधोन हिमालयावर स्वारी केली, तीत कोण कैसा झुंजला, कोण कैसा रुसला, आणि यश कोणाचे पदरी पडले, हे जैसे घडले तैसे लिहिले आहे. देवापुढील समईच्या उजेडी बसोन लिहिणे, तेव्हा पदरचे मीठ घातले तरी चिमूटभरच.

मोहिमेचे कारण ऐसे जे, रावसाहेबांचे कुटुंब सौभाग्यवती मंदाकिनीबाईसाहेब यांस कांचनगंगा डोळां पाहावी ऐसी बहुत वर्षांची आस. पूजेच्या सुटीत घरची सारी फौज दार्जिलिंगास जावी, आणि मफलर गुंडाळोन, चहाच्या पुड्या मिरवीत परत यावी, आणि बाईसाहेब मात्र घरीच. कारण त्यांचा नेम. नित्य स्नान करावे, पूर्वेस तोंड करून पूजा करावी, स्वहस्ते नैवेद्य करून देवास दाखवावा, मगच अन्नास शिवावे. परमुलखात हे घडणे नाही, ऐसे घरच्यांनी आपसांत ठरविले. बाईसाहेब मवाळ बोलण्याच्या. त्या गप्प राहिल्या.

मग चैत्रमासी रावसाहेबांचे डोक्यात वीज चमकली, आणि त्यांणी फर्माविले की, स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही चाकांवर घालावे आणि बाईसाहेबांस पर्वतावर न्यावे. ऐसे ठरताच घरात दोन तट पडले. डमडमचे बंधू गुरुदत्तराव, बँकेचे अधिकारी, यांचे मत तयार गाडी घ्यावी. चहामळ्याचा एक गोरा साहेब विलायतेस चालला होता, त्याजपाशी लँडरोव्हर होती, आणि तीत निजावयास फळी, पाण्याची टाकी, घडीचा तंबू, स्टोव्ह, सारा सरंजाम जागचे जागी. रावसाहेबांचे मत, आपली गाडी आपणच बांधावी. गुरुदत्तराव म्हणाले की, दादा, तुम्हांस घरचा पंखा दुरुस्त करिता येईना, गाडी काय बांधणार. त्याजवर दादांनी उत्तर केले की, पंख्यास चाके नव्हती.

मग उभयपक्षी तह होऊन साहेबाचे बंगल्यावर स्वारी गेली. गाडी पाहतां रावसाहेबांचाही जीव पाघळला. तेव्हा बाईसाहेबांनी हळूच विचारिले की, या स्टोव्हवर साहेब काय काय शिजवीत होते? साहेब सत्यवचनी. त्याने डुकराच्या मांसाचे नाना प्रकार आठवोन आठवोन सांगितले, आणि एका रानडुकराची गोष्ट तर हातवारे करून सांगितली. बाईसाहेबांनी पदर नाकास लाविला आणि रामनाम घेतले.

गुरुदत्तराव काकुळतीस येऊन म्हणाले, "वहिनी, चिंचेने घासू, राखेने घासू, गंगाजळ शिंपडू."

"स्टोव्ह घासाल हो, भावजी," बाईसाहेब म्हणाल्या. "ती रानडुकराची गोष्ट कशाने घासाल?"

येणेप्रमाणे तयार गाडीचा पक्ष मोडला.

मग शहराच्या दक्षिणेस बेहाला म्हणून वस्ती, तेथे निताई मिस्त्रीचे कारखान्यात लढाईच्या काळची एक जीप आणविली. जीप म्हणजे काय, सांगाडा, आणि सांगाड्यात कोंबडी अंडी घालीत होती. वैशाखापासून कामास हात घातला. दर रविवारी रावसाहेब निळा डगला चढवोन जात, आणि संध्याकाळी तव्यासारखे काळे होऊन येत. पूर्वाभिमुख पूजेचा पेच मोठा पडला, कारण गाडी वळली की पूर्व मागे पडणार. यावर बहुत मसलती होऊन रसेल स्ट्रीटचे लिलावातून दाताच्या डॉक्टरची फिरती खुर्ची आणिली, आणि तिच्या बैठकीवर फळी ठोकून पाट व देव्हारा दोन्ही बसविले, म्हणजे गाडी कोणीकडेही वळो, देव आणि भक्त गरकन फिरोन दिशेस लागावे. निताईने कपाळास हात लावोन म्हटले, "दादा, एटा गाडी ना नागरदोला?" म्हणजे ही गाडी की जत्रेचा पाळणा, ऐसे पुसिले.

इतक्यात भाद्रपदात घात जाहला. बिलासपुरास बदलीचा हुकूम आला, मार्गशीर्षात रुजू होणे. कलकत्ता सुटले की कांचनगंगा सुटली, आणि गाडीस तर अजून ब्रेक नव्हते. आणि त्याच हप्त्यात विश्वकर्म्याची पूजा आली, तेव्हा निताईने जीपेस झेंडूची माळ घातली, हत्यारे खाली ठेविली आणि सारा कारखाना, बंगाली रीतीप्रमाणे, पतंग उडवावयास गच्चीवर गेला. रावसाहेब माळेकडे पाहात बसोन राहिले. पुढे दुर्गापूजा आली आणि कारखाना पुन्हा बंद. अखेर कार्तिकात, चातुर्मास सुटला तेव्हा गाडीस ब्रेक लागले, आणि निताईने सांगितले की दाबले की लागतील, बहुतेक लागतील.

मग शुभ दिवस पाहोन कूच जाहले. रावसाहेब गाडी हाकावयास, बाईसाहेब पाटावर, आणि हरलेले गुरुदत्तराव पंप व शिव्या सांभाळावयास मागे. सिलिगुडीपावेतो सुखरूप गेले, परंतु घाट लागताच देव्हाऱ्याची खुर्ची अडकविणारी खीळ निखळली. मग प्रत्येक वळणास देव व बाईसाहेब गरगर फिरो लागले, आणि गुरुदत्तरावांनी खुर्चीस मिठी मारली, ती मानेभंजन गाव येईतो सोडिली नाही. बाईसाहेब पदर तोंडास लावोन होत्या. घाबरल्या ऐसे समजोन रावसाहेब पुसो लागले, तो त्या हसत होत्या.

दुसरे दिवशी सकाळी टोंगलूचे कड्यावर पोचले, जेथोन कांचनगंगा समोर दिसते. समोर ढग, दुसरे काही नाही. स्नान जाहले, पूजा जाहली, पितळी पातेल्यात नैवेद्याचे वरण चढविले. परंतु इतक्या उंचीवर डाळ शिजेना. उकळी येई, डाळ गोट्यांसारखी नाचे आणि तैसीच राही. स्टोव्ह विझे, गुरुदत्तराव पंप मारीत, पुन्हा विझे. दुपार कलली. बाईसाहेब उपाशी, तेव्हा कोणीच जेवेना. रावसाहेब पातेल्यापाशी बसले. इतके करून तुला उपाशी ठेविले, नेमही मोडणार, ऐसे बोलिले.

बाईसाहेबांनी पिशवीतून वाटी काढिली, गूळखोबरे देवास दाखविले, आणि हातावर प्रसाद देऊन म्हणाल्या की घ्या आता, आणि डाळ खाली उतरवा.

रावसाहेब थक्क होऊन म्हणाले, "गूळखोबरे चालते?"

"देवाला काय, नेहमीच चालते."

"मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही रेल्वेचा पास काढून नेले असते," बाईसाहेब म्हणाल्या. "मला गाडीतून यायचे होते. पुढे बसून."

गुरुदत्तरावांनी हातचा पंप खाली ठेविला. इतक्यात वारा फिरला आणि ढग सरले, आणि शिखर उभे राहिले, पांढरे, उन्हात झगझगीत. बाईसाहेबांनी हात जोडिले. नंतर गुरुदत्तराव म्हणाले की, वहिनी, खुर्ची जरा फिरवू का, तिकडे अधिक दिसते.

येणेप्रमाणे प्रमादी संवत्सरी, कार्तिकमासी, कांचनगंगेची फत्ते सौभाग्यवती मंदाकिनीबाईसाहेब यांचे नांवे रुजू जाहली. उतरतां बाईसाहेब पुढे बसल्या, देव मांडीवर घेतले, आणि हुकूम केला ऐसा जे: बदलीचे सामान रेल्वेने रवाना करावे, बिलासपुरास आपण जाणे ते याच गाडीने, आणि वाटेत गाडी हाकणे बाईसाहेबांस शिकवावे. हुकुमाची तामिली जाहली.